दगड जागचे हलले नसतील तर

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटहून बोरीकडे येणाऱ्या वाटेवर ओढ्याला पूर आला होता. अंधारात घोड्यावरून तो ओलांडताना स्टीफन हिस्लॉप बुडून मरण पावले. नागपुरातले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. मिशनरी म्हणून १८४५ मध्ये, म्हणजे भोसल्यांचे राज्य असतानाच, ते नागपुरात आले आणि पुढची अठरा वर्षे हा मुलूख पायाखाली घातला. त्या दिवशी ते टाकळघाटला कशासाठी गेले होते, याची नोंद आहे. गावाजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यासाठी ते गेले होते, आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल त्यांच्यासोबत होते. टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप गावची शाळा तपासायला मागे राहिले, आणि परतताना हा प्रसंग घडला.

ही हकीकत तपशिलाने येते ती जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेल्या हिस्लॉपचरित्रात. ते १८८८ साली, घटनेनंतर पंचवीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. चरित्रकाराचा विषय मिशनऱ्याचे आयुष्य हा होता, टाकळघाटचे दगड नव्हे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागते. मृत्यूची तारीख, स्थळ आणि टेंपल यांची सोबत या गोष्टींबद्दल शंका घ्यायला जागा नाही. 'बोरी' म्हणजे आजचे बुटीबोरी असावे, कारण टाकळघाट तिथून जवळ आहे. पण हे माझे अनुमान आहे, आणि वाचकाने ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

हिस्लॉप यांची साक्ष मोलाची ठरली असती, ती त्यांच्या दुसऱ्या नादामुळे. ते भूस्तर वाचणारे गृहस्थ होते. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भाचा अभ्यास केला, जीवाश्म गोळा केले, आणि एका खनिजाला त्यांच्या नावावरून 'हिस्लोपाइट' म्हणतात. कोणता थर वर आणि कोणता खाली, हे पाहण्याची सवय असलेला माणूस उकरलेल्या दफनाच्या काठावर उभा होता, आणि त्याच रात्री तो गेला. त्यांच्यामागे राहिलेली टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापली. त्या पुस्तकाचा विषय मध्य प्रांतातले आदिवासी समाज, त्यांच्या बोली आणि गोंडांचे लिंगोगीत हा आहे. त्या दिवशी टाकळघाटला हिस्लॉप यांनी जे पाहिले त्याचा अर्थ लावायला त्यांना वेळच मिळाला नाही. विदर्भाच्या शिलावर्तुळांच्या दप्तरातली ही पहिली मोठी पोकळी.

आता मुळात ही वर्तुळे म्हणजे काय, ते सांगतो. काळ्या पाषाणाचे मोठाले धोंडे गोलाकार मांडलेले असतात. आतली जागा माती आणि लहान दगडगोट्यांनी भरलेली, मधोमध किंचित उंच. या भरावाखाली, बहुतेक मध्याजवळ, मृताचे अवशेष आणि त्याच्यासोबत ठेवलेल्या वस्तू सापडतात. अखंड सांगाडा क्वचितच मिळतो, बहुधा हाडांचे तुकडेच मिळतात. म्हणून अभ्यासकांचे मत असे की, मृतदेह आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक अस्थी इथे पुरल्या जात असाव्यात. नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, वारेगाव अशा कितीतरी ठिकाणी ही दफने आहेत.

एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अधिकारी अशा दगडांमागे का लागले, याचे उत्तर विदर्भाबाहेर आहे. सुरपूर संस्थानात नेमणुकीवर असलेल्या मेडोज टेलर यांनी १८५० च्या दशकात तिथली दफने उकरली आणि त्यांचे उभे छेद कागदावर काढले. कोणता थर कुठे, हाडे कुठे, भांडी कुठे, हे त्या चित्रांत दिसते. शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनीही या कामाची वाखाणणी केली. टेलर यांची चित्रे आजही उपयोगी पडतात, त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. ही दफने सिथियन किंवा ड्रुइड लोकांशी नात्यातली आहेत, असे त्यांना वाटले. ज्यांचे शिक्षण हेरोडोटसवर झाले होते त्यांच्या मनात हा विचार येणे साहजिक होते. काळ्या समुद्राकाठचे सिथियन आपल्या राजाला घोड्यांसह पुरत, असे हेरोडोटसने आपल्या इतिहासाच्या चौथ्या भागात लिहिले आहे. दगडांचे वर्तुळ आणि आत घोड्याचा लगाम दिसला की मन थेट काळ्या समुद्राकाठी पोहोचत असे.

विदर्भातला पुढचा कागद कामठीचा. लष्करी छावणीपासून मैलभर अंतरावर वारेगावजवळचे एक मोठे वर्तुळ मेजर पिअर्स यांनी खणले. त्यांचा लेख १८६९ मध्ये लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. गावाचे नाव त्यात 'वुर्रीगाव' असे पडले आहे. पिअर्स हे सैनिक होते. एका वर्तुळात काय काय निघाले हे लिहून ठेवण्याचे त्यांचे कष्ट मान्य करावेत, पण एकाच दफनावरून साऱ्या प्रथेबद्दल बोलता येत नाही, हेही मान्य करावे.

त्यानंतरचा दस्तऐवज सर्वांत महत्त्वाचा आहे. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते. सरकी आणि गाठी मोजणाऱ्या या अधिकाऱ्याला कामानिमित्त सगळा मुलूख फिरावा लागे. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८७९ मध्ये त्यांचा मध्य भारतातल्या प्रागैतिहासिक अवशेषांवरचा लेख छापला गेला. नागपूरच्या वायव्येला काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणीची नोंद अभ्यासकांपुढे आली ती यातून. वर्तुळांचे वर्णन, त्यांतून निघालेल्या लोखंडी वस्तू, आणि आणखी एक गोष्ट त्यात आहे. वर्तुळाच्या काही धोंड्यांवर माणसाने कोरलेले लहान वाटोळे खळगे आहेत. कुमाऊँतल्या खडकांवरही रिव्हेट-कार्नॅक यांनी असेच खळगे पाहिले होते. स्कॉटलंडमधल्या अशाच खळग्यांवर जेम्स सिम्प्सन यांचे पुस्तक १८६७ मध्ये आले होते. क्लोरोफॉर्मची भूल रूढ करणारे डॉक्टर सिम्प्सन ते हेच. त्यामुळे जिथे दुसरा कोणी दगडाची झीज म्हणून पुढे गेला असता, तिथे रिव्हेट-कार्नॅक थांबले. त्यांनी केलेली युरोपाशी तुलना आज कोणी स्वीकारत नाही. पण त्यांनी खळगे पाहिले, मोजले आणि छापले. निष्कर्ष बाजूला ठेवून निरीक्षण उचलावे, असे हे साधन आहे.

याच काळातल्या सरकारी कागदांत स्थानिकांचे मतही नोंदलेले सापडते. ही वर्तुळे गवळ्यांची, असे लोक सांगत. पूर्वी या मुलखात गवळी राजे होते ही समजूत विदर्भ आणि सातपुड्यात जुनी आहे, आणि ज्याचा कर्ता ठाऊक नाही असा किल्ला किंवा तळेही त्यांच्या नावावर जाते. अशी परंपरा पुरावा म्हणून जशीच्या तशी घेता येत नाही. दोन-अडीच हजार वर्षांची स्मृती तोंडी टिकल्याचे तिच्यावरून ठरत नाही. मात्र हे दगड आपल्या पूर्वजांचे नाहीत, आपल्या आधीच्या कोणाचे तरी आहेत, एवढी जाण गावकऱ्यांना होती. सिथियन शोधणाऱ्या साहेबांपेक्षा गुराख्यांकडे बोट दाखवणारे गावकरी, माझ्या मते, सत्याच्या थोडे अधिक जवळ होते.

१८७९ नंतर सुमारे ऐंशी वर्षे हाती लागण्यासारखे फार थोडे आहे. मग १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने खणली. सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यात त्याचा वृत्तांत आहे, आणि तो चारदोन परिच्छेदांतच संपतो. पण त्यातली वस्तूंची यादी सावकाश वाचावी. लोखंडी खंजीर, आडव्या पट्ट्यांनी दांड्याला आवळायच्या चपट्या कुऱ्हाडी, कुदळ, छिन्नी, कडी, बांगड्या आणि घोड्याच्या तोंडातले लगाम. शेतकऱ्याचे, सुताराचे, लढवय्याचे आणि स्वाराचे सामान एका दफनाबरोबर ठेवलेले. एका वर्तुळात माणसाच्या अस्थींबरोबर घोड्याच्या जातीच्या जनावराचे अवशेषही मिळाले.

घोड्याचा हा प्रश्न पुढच्या दहा वर्षांत आणखी मोठा झाला. नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केले, आणि १९७० ते ७२ या काळात माहुरझरी इथे. हिस्लॉप जिथून परतले नाहीत त्याच परिसरात पुरातत्त्वाची कुदळ शंभर वर्षांनी परत गेली. या उत्खननांत घोड्याची हाडे पुन्हा निघाली. लोखंडी लगाम निघाले, आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही. माहुरझरीला पक्ष्यांच्या आकृती असलेली तांब्याची झाकणे आणि सोन्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले. घोड्याच्या काही हाडांवर कापल्याच्या खुणा आढळल्या.

इथे सावकाश जाऊ. हाडांवरच्या कापल्याच्या खुणा हे निरीक्षण आहे. घोडा धन्याच्या दफनाच्या वेळी बळी दिला, हे अनुमान आहे आणि ते बळकट आहे, कारण हाडे, लगाम आणि मुखालंकार एकाच भरावात येतात. त्या घोड्याचे मांस अंत्यविधीच्या जेवणात वाढले गेले का, हे खुणा सांगत नाहीत. आणि धनी घोड्यावरून आलेला परका होता, असे तर यातले काहीच सांगत नाही. घोडा दुर्मीळ आणि मोलाचा होता, तो ज्याच्याकडे होता त्याला त्याच्यासह पुरण्याइतका मान होता, एवढेच कागदावर ठामपणे लिहिता येते.

सिथियन कल्पनेचा निकाल लावायला मातीची भांडी जास्त कामाची आहेत. या वर्तुळांत काळी-तांबडी भांडी मिळतात. आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. भट्टीत पालथी रचल्यामुळे आतल्या बाजूला हवा पोहोचत नाही आणि ती काळी राहते, असा त्यांचा प्रचलित खुलासा आहे. हीच भांडी कर्नाटक, आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूच्या महापाषाणी, म्हणजे मोठ्या दगडांच्या, दफनांत आहेत. त्यांच्या जोडीला अभ्रकमिश्रित मातीची तांबडी भांडी आहेत, आणि ती विदर्भाची खास खूण मानली जातात. म्हणजे घरगुती सामान दख्खनचे आहे, त्यातही काही खास इथल्याच मातीतले. लगाम दूरवरून येऊ शकतो, लगामाची रीतही येऊ शकते. चुलीवरचे मडके सहसा गावचेच असते.

काळ कोणता? १९४७ मध्ये कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीचे उत्खनन करताना व्हीलर यांनी तिथल्या महापाषाणी संस्कृतीचा आरंभ इ.स.पू. २०० च्या सुमारास धरला होता. टाकळघाटच्या कोळशाची कार्बन-१४ पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा काळ इ.स.पू. सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपास गेला. आज विदर्भाच्या या संस्कृतीला इ.स.पू. पहिल्या सहस्रकाचा पूर्वार्ध ते मध्य, ढोबळमानाने इ.स.पू. ८०० ते ४००, असा काळ देतात. पण यात दोन गाठी आहेत, आणि त्या लोकप्रिय लेखनात सुटून जातात.

पहिली गाठ अशी की, तो कोळसा टाकळघाटच्या वसाहतीतला आहे. खणलेली वर्तुळे खापा इथली आहेत. दोन्हीकडची भांडी जुळतात, म्हणून वसाहतीचा काळ दफनांना लावला आहे. हे योग्यच आहे, पण तो लावलेला काळ आहे, थेट मोजलेला नाही. दुसरी गाठ निसर्गाने घातली आहे. वातावरणातल्या कार्बनचे प्रमाण नेमके इ.स.पू. ८०० ते ४०० च्या दरम्यान असे बदलत गेले की, त्या चार शतकांतल्या वस्तूंची कार्बन-मापे एकमेकांत मिसळतात. आजोबाचे वर्तुळ आणि पणतवाचे वर्तुळ या पद्धतीने वेगळे काढणे फार कठीण. एखाद्या ठिकाणची शेकडो वर्तुळे पन्नास वर्षांत झाली की तीनशे वर्षांत, हा प्रश्न त्यामुळे मोकळाच राहतो. समाज किती मोठा होता, हे त्याच उत्तरावर अवलंबून आहे.

हे लोक राहत कुठे, याचे उत्तर मात्र हळूहळू भरत गेले. पेंच नदीकाठच्या नायकुंड इथे देव आणि अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते ८० मध्ये उत्खनन केले. तिथल्या वसाहतीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली: मातीच्या वक्र विटा, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी. या एका शोधाने वर्तुळांतल्या सगळ्या कुऱ्हाडी आणि खंजिरांचा अर्थ पालटला. लोखंड इथेच गाळले जात होते, ते बाहेरून आणायची गरज नव्हती. भागीमोहारीच्या वसाहतीत तांदूळ, गहू, जव आणि डाळींचे जळके दाणे मिळाले. फक्त गुरांमागे फिरणारे लोक, हे चित्र त्यामुळे अपुरे ठरते. माहुरझरीला अकीक आणि गारेच्या जातीच्या दगडांचे मणी घडवले जात. एवढ्या तपशिलानंतरही एक ओळ लेखन नाही, एक नाव नाही. ही माणसे कोणती भाषा बोलत, हे कोणी ठामपणे सांगू लागले तर त्याच्याकडे पुरावा मागावा.

आता पुन्हा जुनापाणीच्या खळग्यांकडे. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, तिरप्या उन्हात ते धोंडे पाहिले तर खळगे उठून दिसतात. डोक्यावरच्या उन्हात तेच शोधावे लागतात. काही दगडांवर ते ओळीने आहेत, काहींवर एकमेकांना छेदणाऱ्या दोन ओळींत. नैसर्गिक झीज अशी रांगेत होत नाही. गेल्या काही वर्षांत खगोलशास्त्राची बैठक असलेल्या अभ्यासकांनी वर्तुळाच्या मध्यापासून खळगे असलेल्या दगडांच्या दिशा मोजल्या. त्या दिशा विखुरलेल्या नसून ठरावीक गटांत पडतात, असे त्यांना आढळले, आणि आकाशातल्या उदयास्तांशी त्यांचा संबंध असावा असा तर्क त्यांनी मांडला.

तर्क आकर्षक आहे. तो खरा ठरावा असे मलाही वाटते, म्हणूनच त्याला अधिक कसून तपासले पाहिजे. या सगळ्या मोजमापाचा पाया एकच आहे: दगड अडीच हजार वर्षे जागचे हललेले नाहीत. एखादा धोंडा नांगराला आडवा येतो म्हणून हातभर सरकवला असेल, बांधासाठी ओढून नेला असेल, किंवा कोणी 'वर्तुळ नीट करावे' म्हणून परत आणून ठेवला असेल, तर त्याची दिशा आपल्याला त्या प्राचीन माणसाबद्दल काहीच सांगत नाही. ती त्या शेतकऱ्याबद्दल सांगते. खंजीर संग्रहालयात नेला तरी खंजीरच राहतो. वर्तुळातला दगड जागेवरून उचलला की नुसता दगड उरतो.

वर्तुळांच्या संख्येचा घोळही इथेच येऊन मिळतो. जुनापाणीची वर्तुळे काही लेखनात सुमारे दीडशे दिली आहेत, काहींत सुमारे तीनशे. एक आकडा खरा आणि दुसरा खोटा असे ठरवण्याची घाई करू नये. अर्धवट कडे वर्तुळ म्हणून मोजायचे का, आजूबाजूचे गट जुनापाणीत धरायचे का, यावर आकडा बदलतो. पण तो आणखी एका कारणाने बदलतो. मधल्या काळात नागपूर शहर वाढले, रस्ते आणि वसाहती झाल्या, खडीसाठी दगड गेले. टाकळघाटचा परिसर आज बुटीबोरीच्या औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. रिव्हेट-कार्नॅक यांनी पाहिलेली मांडणी आणि आजची मांडणी यांतला फरक हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. तो गाव-नकाशे, जुने लेख आणि प्रत्यक्ष जागा यांची सांगड घालूनच वाचता येईल. हे काम एकट्या तज्ज्ञाचे नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर इथल्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते सहज करता येण्यासारखे आहे.

तुम्ही ही वर्तुळे पाहायला जाल तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडी जा. गवत वाळलेले असते आणि कडी पूर्ण दिसतात. कड्याच्या बाहेरून फिरा. भरावावर चढू नका, खळग्यांत खडू किंवा रंग भरू नका, वर दिसणारे खापर खिशात घालू नका. छायाचित्र घेताना दगडाशेजारी एक मोजपट्टी ठेवा, उत्तर दिशा लिहा आणि तारीख टाका. शेतात एखादे नोंद नसलेले कडे दिसले तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. जुनापाणी आणि टाकळघाटची शिलावर्तुळे केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ चा कायदा आणि त्यात २०१० मध्ये झालेली दुरुस्ती यांनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला आणि खाणकामाला मनाई आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते.